मीटर साठ दाखवतो, गाडी सहासष्टने पळते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामार्गावरच्या कॅमेऱ्याने खोटं चलन पाठवल्याची तक्रार करणारी पत्रं आपल्याकडे अधूनमधून छापून येतात. 'माझा मीटर ८० च्या पुढे गेलाच नव्हता' हा बहुतेकांचा मुद्दा असतो. कॅमेरा कधीच चुकत नाही असं मी म्हणणार नाही. पण साताऱ्यात तीस वर्षांवर गॅरेज चालवल्यावर एवढं सांगतो, की आधी आपला मीटर तपासा. एक मीटर माझ्याच हातून खोटा झाला होता.

१९९७ ची गोष्ट. एका गुरुजींची डिझेल जीप होती, फोर बाय फोर. डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टवरून चाकं फिरवणारा दातेरी चक्रांचा जोड, ५.३८ चं: लहान चक्राला (पिनियन) ८ दात आणि मोठ्याला (क्राउन) ४३. शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. चढाला ताकद भरपूर, पण हायवेला इंजिन नुसतं ओरडायचं. गुरुजींना डिझेल वाचवायचं होतं. मी पुढचा आणि मागचा, दोन्ही जोड काढून ८ आणि ३९ दातांचे, ४.८८ चे बसवले. टायरला खडूची खूण करून गाडी चाकाचे दहा फेरे ढकलली. टेप लावली तर २२ मीटर २० सेंटिमीटर, म्हणजे फेऱ्याला २.२२ मीटर. टॉप गिअर सरळ एकास एक, म्हणजे इंजिनाचा एक फेरा तो शाफ्टचा एक फेरा. इंजिनाचे मिनिटाला २४०० फेरे धरले, त्यांना डिफरन्शियलच्या आकड्याने भागलं, २.२२ ने गुणलं आणि तासाचे किलोमीटर काढले. जुन्या जोडावर साडेएकोणसाठ, नव्यावर साडेपासष्ट. हिशेब चोख होता.

महिन्याभरात गुरुजी परत आले. "मिस्त्री, डिझेल उलट जास्तच खातेय. लिटरला अकरा किलोमीटर पडायचं ते साडेदहावर आलं." मी नोझल उतरवले, एअर क्लीनर पाहिला, टाकी गळतेय का पाहिलं. काहीच सापडेना. जाता जाता तेच म्हणाले, "घरापासून स्वारगेटपर्यंत १२१ किलोमीटर व्हायचे, आता मीटरवर ११० च येतात."

मग माझी चूक लक्षात आली. या जीपच्या मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतून निघते, डिफरन्शियलच्या अलीकडून. मीटर शाफ्टचे फेरे मोजतो, चाकाचे नाही. जोड बदलला आणि मीटरची केबल फिरवणारं छोटं पिनियन मी तसंच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हायवेला गेलो. मीटरवर काटा ६० वर धरायचा आणि किलोमीटरचे दगड मोजायचे. एखादा दगड मागेपुढे असतो, म्हणून सलग पाच किलोमीटर घेतले. ६० च्या वेगाला ३०० सेकंद लागायला हवे होते. घड्याळात २७२ भरले. ताशी सहासष्ट! ॲव्हरेजही खरं साडेअकराच्या वर निघालं. गुरुजी खूश झाले, मी नाही झालो. खंबाटकीचा उतार ते काट्याकडे बघून उतरत होते. वेग दहा टक्के वाढला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला एकवीस टक्के जास्त रस्ता लागतो. पुण्याच्या नाना पेठेतून एक दात कमी असलेलं पिनियन आणून बसवलं, तेव्हा फरक दोनेक किलोमीटरवर आला. उरलेल्या फरकाची चिठ्ठी मी डॅशबोर्डला चिकटवली.

आजच्या बहुतेक गाड्यांत वेग चाकाजवळच्या सेन्सरवरून कळतो, त्यामुळे जोडाचा प्रश्न येत नाही. टायरचा मात्र येतोच. स्विफ्टला कंपनी १६५/८० आर १४ देते आणि वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिम इंचांत. रिम इंचाने मोठी, पण टायरचा एकूण व्यास जेमतेम दोन मिलिमीटरने जास्त. कंपनी इतका विचार करते. त्याच रिमवर कुणी २०५/६५ चढवला, तर व्यास २६ मिलिमीटरने वाढतो आणि आधीच्या ८० च्या काट्यावर गाडी ८३ च्या वर जाते. झिजलेल्या टायरचं उलटं, तिथे मीटर जास्त दाखवतो. युरोपातल्या नियमाप्रमाणे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, तोही खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किलोमीटर, इथपर्यंतच. ही सवलत चालकाच्या भल्यासाठी असते. आपण मोठे टायर घालून ती खाऊन टाकतो.

मोबाइलच्या जीपीएसवरही वेग तपासता येतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने गाडी धरावी आणि आकडा शेजारी बसलेल्याने वाचावा. घाटात आणि बोगद्यात त्यावर भरवसा ठेवू नये.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. महामार्गावर दर काही अंतराने पाच किलोमीटरचा नीट मोजलेला पट्टा पाट्या लावून दाखवावा, म्हणजे कुणालाही घड्याळ लावता येईल. आणि टायरवाल्यांनी वेगळ्या मापाचा टायर चढवला, तर मीटर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग किती असेल, तो आकडा बिलावर लिहून द्यावा. गुणाकाराला दोन मिनिटं लागतात. गुरुजींच्या बिलावर मी तो लिहिला नव्हता, त्यानंतरच्या प्रत्येक बिलावर लिहीत आलो आहे.

आपला,
एक गॅरेज मिस्त्री, सातारा