आमच्या अंगणवाडीत आलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आरबीएसकेच्या, म्हणजे लहान मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी आरोग्य कार्यक्रमाच्या, पथकाबरोबर तुम्ही आलात तेव्हा लेक तीन वर्षांचा होत आला होता. हाक मारली तर वळायचा नाही, 'आई' म्हणायचा नाही, दिवसभर खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं चाक गरगर फिरवत बसायचा. त्याआधी ज्यांना ज्यांना दाखवलं, त्यांनी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. "मुलगे उशिराच बोलतात," म्हणून कुणी वाटेला लावलं, कुणी टॉनिक लिहून दिलं. एकाने तर सासूबाईंसमोर सुनावलं, "आईने मोबाइल देऊन बिघडवलाय." ते एक वाक्य घरात किती दिवस पुरलं, ते माझं मला ठाऊक.

तुम्ही सतरंजीवर त्याच्याशेजारी बसलात. उचललं नाहीत, लाडेलाडे बोलला नाहीत. ट्रॅक्टरचं दुसरं चाक फिरवत राहिलात. बऱ्याच वेळाने त्याने तुमचं बोट धरून स्वतःच्या चाकावर नेलं, तेव्हा कुठे माझ्याकडे वळून विचारलंत, "ताई, तुम्हाला काय वाटतं याच्याबद्दल?"

सेविकाताई रजिस्टर घेऊन उभ्या, बाहेर गाडी खोळंबलेली. मला रडूच फुटलं. तुम्ही घाई केली नाहीत. मी बोलत गेले, तुम्ही ऐकत राहिलात. इतक्या दवाखान्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं हो.

२०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे, अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात, त्यात वाढीतला उशीर आणि स्वमग्नताही बघायची असते, हे मला नंतर कळलं. सगळ्यांच्याच कागदावर तो रकाना असणार. तुम्ही तो माझ्या लेकराकडे बघून भरलात. शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात, पण समोरच्या बाईला अडाणी न समजता तिचं ऐकून घेणारी किती?

तुमची चिठ्ठी घेऊन जिल्ह्याला गेलो. आधी कान तपासले, मग स्पीच थेरपी सुरू झाली. अजून वाक्य येत नाही, पण तहान लागली की 'पा' म्हणतो आणि माझ्या तोंडाकडे बघतो. सासूबाई आता स्वतः त्याच्यासमोर बसून चित्रं दाखवतात.

एक विनंती आहे. वरच्या वाडीत एक मुलगी आहे, तिच्या आईलाही सगळे "बोलेल गं" म्हणतात. पुढच्या फेरीला तिला बघाल ना? मी दोघींना घेऊन अंगणवाडीत थांबते.

तुमची ऋणी,
ट्रॅक्टरवाल्याची आई