सरासरी माणूस कामावर येतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कारखान्यात नवीन लाइन बसवताना मशीनचं माप मिलीमीटरपर्यंत घेतात पण तिथं अख्खी शिफ्ट उभं राहणाऱ्या माणसाचं माप कुणी घेत नाही, हे सुपरवायझर म्हणून रोज बघतेय म्हणून लिहायला बसले. पॅकिंगची सगळी टेबलं एकाच उंचीची. उंचीनं कमी असलेली मुलगी खांदे वर उचलून टेप मारते, शेजारचा उंच मुलगा मान खाली घालून वाकून तेच काम करतो, संध्याकाळी हिचे खांदे भरून येतात, त्याची कंबर धरते आणि वरून ऐकायचं काय तर "यांना कामाची सवयच नाही". सवयीचा संबंधच काय? बारीक काम कोपराच्या थोडं वर, जोर लावायचं काम कोपराच्या बरंच खाली असावं लागतं, आणि कोपर प्रत्येकाचं वेगळ्या उंचीवर असतं. खालीवर होणारं टेबल ही काही चैन नाही हो.

"सरासरी उंची धरून केलंय" हे उत्तर तर नेहमीचंच. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सनं ४,०६३ पायलटांची मापं तपासली, त्यातली दहा मापं धरली तर दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही पायलट निघाला नाही! म्हणजे सरासरीवर बेतलेली जागा खरं तर कुणालाच नीट बसत नाही.

वजनाचंही तसंच. नायॉश म्हणजे कामगारांची सुरक्षा आणि आरोग्य बघणारी अमेरिकन सरकारी संस्था, तिच्या सूत्रात वजन उचलायला २३ किलोची मर्यादा आहे ती सगळं अगदी अनुकूल असताना, खोका शरीराजवळ असताना, तोच खोका २५ ऐवजी ५० सेंटीमीटर लांबून उचलायचा म्हटलं की मर्यादा थेट निम्म्यावर येते. आता सांगा, ज्याचे हात आखूड त्याला रॅकच्या मागचा खोका काढताना किती जड जात असेल? आणि चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, त्या माणसाला अंधाऱ्या कोपऱ्यात बारीक लेबल वाचायला लावायचं आणि चूक झाली की बोलायचं, हे बरोबर नाही.

माझी मागणी साधी आहे. ड्रॉइंग फायनल करण्याआधी खोकी मांडून नकली टेबल उभं करा, हात पोचतो का ते सगळ्यात बुटक्या माणसाकडून बघा, जागा पुरते का ते सगळ्यात उंच आणि धिप्पाड माणसाकडून बघा, आणि डावखुऱ्यालाही विचारा. काम त्यांनाच करायचंय, त्यामुळे त्यांनी हो म्हटल्याशिवाय ड्रॉइंगवर सही नको.

आपली,
एक लाइन सुपरवायझर