गाडीच्या खर्चाला कात्री, पण जपून

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

गाडीचा खर्च दर महिन्याला वाढतच चाललाय, कुठे कात्री लावू, असं विचारलंयस. पेट्रोलचे पैसे सारखे मोजावे लागतात म्हणून सगळ्यांची कात्री आधी तिकडे वळते. मोठी बिलं मात्र वेगळ्या वाटेने येतात. ब्रेक पॅड वेळेवर बदलले नाहीत म्हणून डिस्क जाते, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, उतरलेलं कुणी पाहिलं नाही म्हणून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधला सील, जातं. तेव्हा काही खर्च बिनधास्त टाळायचे आणि काही अजिबात पुढे ढकलायचे नाहीत. कुठले ते लिहिते.

आधी गाडीचं खरं ॲव्हरेज काढ. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा फुगलेला असतो. टाकी फुल कर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांब आणि ट्रिप मीटर शून्यावर आण. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल कर. ४८० किलोमीटर झाले आणि ३२ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १५. एका टाकीवर जाऊ नकोस, तीन-चार टाक्यांची सरासरी धर. नोझल बंद झाल्यावर ‘अजून बसतंय’ म्हणत काठोकाठ भरू नकोस. टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरलं की तो निकामी होतो, आणि तो स्वस्त नसतो.

ॲव्हरेज एकदम दहा टक्क्यांनी घसरलं तर पेट्रोलला दोष देण्याआधी टायरची हवा बघ. मग गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात ने, रिमला लावू नकोस, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलं असेल तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाहीये.

टायरची हवा हा सगळ्यात स्वस्त इलाज आणि त्यातच सगळ्यात जास्त गोंधळ. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर कोरलेला पीएसआयचा (हवेचा दाब मोजायच्या एककाचा) आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो भरायचा नसतो. स्टिकरवर बहुधा दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी भरलेल्या गाडीसाठी. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडेही वेगळे असू शकतात. हवा मोजायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन-चार तास उभी राहिल्यावर, किंवा फार तर दोन किलोमीटर चालल्यावर. लांबून आल्यावर आकडा चार-पाच पीएसआय जास्त दिसतो. तो बघून हवा सोडलीस तर सकाळी टायर कमी हवेवर असतील. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड-दोन पीएसआय कमी होते, आणि काहीही बिघाड नसताना महिन्याला सुमारे १ पीएसआय आपोआप जाते. म्हणून महिन्यातून एकदा, आणि स्वतःच्या गेजने. पंपावरची गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतात.

हवा कमी राहिली तर टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात, जास्त झाली तर मधला पट्टा. एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलंय. नक्षीवरून आडवा हात फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तरी तेच. हवा नीट ठेवून पेट्रोल फार वाचत नाही, दर पीएसआयमागे जेमतेम ०.२ टक्के. फायदा टायरच्या आयुष्यात आहे. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे, मागची पुढे करून घे, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर संपतात. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर डावं-उजवं बदलू द्यायचं नाही. नक्षीच्या खोबणीत आडव्या रबरी गाठी असतात, त्या १.६ मिलिमीटरवर असतात. नक्षी तिथपर्यंत आली की टायर संपला, पण ओल्या रस्त्यावरची पकड ३ मिलिमीटरच्या आसपासच कमी व्हायला लागते. नवे घेताना टायरवरचे चार अंकी आकडे वाच. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधीकधी गोदामात पडून राहिलेला असतो.

चालवण्यात दोनच गोष्टींनी खरा फरक पडतो, वेग आणि पुढचं बघणं. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून ११० वर गेलीस की तो जवळजवळ दुप्पट. आणि प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल उष्णता करून उडवणं, म्हणून लांबवर सिग्नल लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढ. पाय काढल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नकोस. गिअरमध्ये असताना चाकंच इंजिन फिरवतात आणि इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ते पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच, शिवाय उतारावर इंजिनचा ब्रेकही मिळत नाही. कुणाची वाट बघत उभी असशील तर इंजिन बंद कर. लहान इंजिनही नुसतं चालू राहून तासाला अर्धा ते एक लिटर पितं. वापरात नसलेलं टपावरचं कॅरियर काढून ठेव. सकाळी इंजिन गरम करत उभं राहायचीही गरज नाही, अर्ध्या मिनिटात निघ आणि पहिले काही किलोमीटर हळू चालव. थंड इंजिन जास्त पितं, म्हणून तीन कामं तीन फेऱ्यांऐवजी एका फेरीत कर. क्लचवर पाय टेकवून चालवू नकोस आणि चढावर क्लचने गाडी धरून ठेवू नकोस, त्यासाठी हँडब्रेक आहे. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यात सुट्या भागापेक्षा मजुरी जास्त जाते.

महागडं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मॅन्युअलमध्ये मागितलं नसेल तर घेऊ नकोस. ऑक्टेन म्हणजे इंजिनमध्ये ठोके न पडण्याची ताकद, जास्तीची ऊर्जा नव्हे. टाकीत ओतायच्या ‘ॲव्हरेज वाढवणाऱ्या’ बाटल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आता जिथे कंजूषी करायची नाही ते. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असा. ‘याने इंजिन जास्त टिकेल’ म्हणून कुणी जाड ऑइल सुचवलं तरी घालू देऊ नकोस. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल तेव्हा बदलायचं. तुझा सगळा प्रवास चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा असेल तर मॅन्युअलमधला कठीण वापराचा तक्ता लागू होतो, कारण इंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघ. गाडी सपाट जागी उभी कर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांब, काडी पूस, पूर्ण आत घाल, काढून वाच. खालच्या आणि वरच्या खुणेत सहसा एक लिटरच्या आसपास अंतर असतं, तेव्हा थोडं थोडं घालायचं. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर इंजिनमधला फिरता दांडा (क्रँकशाफ्ट) ते घुसळतो, फेस होतो आणि वंगण नीट होत नाही.

कूलंटची पातळी थंड इंजिनवर, बाहेरच्या डब्यावरच्या दोन खुणांमध्ये बघायची. गरम असताना झाकण उघडायचं नाही. कूलंट पाणी न मिसळलेलं (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळ. नळाचं पाणी सारखं घालत राहिलं की क्षार साचतात, गंज धरतो, रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही जातात. पातळी दर महिन्याला उतरत असेल तर भरत बसू नकोस, गळती शोधायला सांग. तापमानाचा काटा चढला तर ‘एवढं पोहोचू, मग बघू’ नाही, तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद कर.

ब्रेक पॅड नवे असताना साधारण १० ते १२ मिलिमीटर असतात आणि ३ मिलिमीटर उरले की बदलायचे. बऱ्याच पॅडना पत्र्याची जीभ असते, ती डिस्कला घासून किरकिरते, तो इशारा. त्यानंतरही चालवलं तर पॅडमागचं लोखंड डिस्क ओरबाडतं आणि पॅडच्या कामात डिस्कचं बिल जोडलं जातं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, पिना अडकल्यात. त्या साफ करून ग्रीस लावायला सांग, नाहीतर नवे पॅडही तसेच जातील. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर ठरलेल्या किलोमीटरला बेल्ट बदल. चालताना तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

बॅटरी संपण्याआधी इशारा देते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साध्या मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. इंजिन चालू असताना १३.७ ते १४.७ च्या दरम्यान दिसलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बहुधा ठीक आहे, मग कुणी लगेच तो बदलायला सांगितलं तर कारण विचार. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर इंजिन बंद करून आधी ऋण वायर काढ, मग धन. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने घास, कोरडं कर आणि लावताना धन आधी, ऋण शेवटी. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर तिला एजीएम किंवा ईएफबी जातीचीच बॅटरी लागते, साधी स्वस्त बसवलीस तर लवकर मरेल.

एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर घरी बदल. पहिला बहुतेक गाड्यांत तीन-चार क्लिपांखाली, दुसरा सहसा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. केबिन फिल्टरवर बाण असतो, तो हवेच्या दिशेने ठेवायचा. जुना जसा निघाला त्याचा फोटो काढून ठेवलास की झालं. वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसलंस तरी अर्ध्या वेळा कचकच थांबते.

गॅरेजमध्ये जाताना मॅन्युअलमधला सर्व्हिसिंगचा तक्ता सोबत ने. तक्त्यात नसलेलं काही सुचवलं, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, अँटी-रस्ट कोटिंग, तर ‘कुठलं लक्षण दिसलं म्हणून?’ एवढंच विचार. लक्षण सांगता आलं नाही तर नको म्हण. अंदाजपत्रक आधी लेखी घे, ठरल्यापेक्षा जास्त काम असेल तर फोन करून विचारायला सांग, आणि बदललेले जुने भाग परत माग. चेक इंजिनचा दिवा लागला तर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा छोटा कोड रीडर घे, एकदोनदा वापरलास की पैसे वसूल. मात्र कोड म्हणजे निदान नव्हे. पी-०४५५ (टाकीतली वाफ गळतेय) आला तर आधी टाकीचं झाकण टिक-टिक वाजेपर्यंत घट्ट लाव आणि त्याच्या रबरी कड्याला चीर नाही ना बघ, दिवा काही फेऱ्यांनी आपोआप जातो. पी-०४२० आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) बदलायला सांगतात, पण सायलेन्सरच्या पाइपातली गळती किंवा ऑक्सिजन सेन्सरमुळेही तो येतो, ते आधी तपासून घे. दिवा उघडझाप करत असेल तर थांब, जळलं नाही ते पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळू शकतो.

विमा आपोआप नूतनीकरण होऊ देऊ नकोस, मुदतीआधी दोन-तीन कंपन्यांचे दर काढ. छोट्या ओरखड्याचा क्लेम करण्याआधी हिशेब कर. तुझ्या खिशातून जाणारा हिस्सा आणि क्लेम केल्याने पुढच्या वर्षांत बुडणारी सवलत, या दोन्हींची बेरीज दुरुस्तीपेक्षा जास्त असेल तर स्वतः पैसे भर.

तुझी,
आई

ता. क. स्टेपनीची हवाही त्याच गेजने बघ. ती पातळ, तात्पुरती जातीची असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय लागते आणि ८० च्या वर वेग चालत नाही, दोन्ही आकडे तिच्या अंगावर छापलेले असतात. जॅक आणि पाना डिकीत आहेत ना, तेही बघून घे.