तात्याच्या आजारपणाचं सविस्तर

लीड्स
१६ नोव्हेंबर

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर आईने "उंदरासाठी रजा काढलीस?" असं विचारलं तेव्हा मागे तुम्ही हसत होतात, ते ऐकू आलं. हसा, त्याला माझी हरकत नाही. पण तेव्हा मला धड काही सांगता आलं नाही आणि विषय राजूदादाच्या लग्नाच्या हॉलवर गेला, म्हणून आता लिहिते. आईला वाचून दाखवा. औषधांचं आलं की ती "बरं, पुढे" म्हणेल, तेवढं गाळलंत तरी चालेल. ते तुमच्यासाठीच आहे.

तात्या आणि बंडू एकाच वेतातले सख्खे भाऊ. (तात्याकाकांना हे नाव अजून कळलेलं नाही ना? कळू देऊ नका.) दोघांना दोन वर्षं कधीच होऊन गेली. पाळीव उंदराचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं, म्हणजे ही मंडळी आता काठी टेकायच्या वयाची. उन्हाळ्यापासून तात्याचे मागचे पाय थोडे फरफटायला लागले होते. म्हाताऱ्या नरांमध्ये ते नेहमीचंच, म्हणून आम्ही पिंजऱ्यातल्या शिड्या काढून टाकल्या होत्या. बाकी तब्येत ठणठणीत.

रविवारी सकाळी त्याला टोस्टचा तुकडा दिला. एरवी तो मागच्या पायांवर बसतो, तुकडा दोन्ही हातांत धरतो आणि फिरवून फिरवून कडेने कुरतडतो. त्या दिवशी तुकडा हातात ठरेना. पुढचे पाय ताठ, समोर पसरलेले, बोटं मिटतच नव्हती. थोड्या वेळाने तो कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहिला आणि मागे सरायचंही त्याला सुचेना. डोळ्यांभोवती आणि नाकाखाली लाल ओघळ. अनिकेत ओरडलाच, रक्त येतंय म्हणून. ते रक्त नसतं. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य असतं. उंदीर आजारी असला किंवा धास्तावला की ते जास्त पाझरतं, आणि एरवी सतत तोंड पुसणारा उंदीर तेव्हा ते पुसतही नाही. म्हणजे घाबरायचं कारण होतंच, फक्त अनिकेतला वाटलं ते नव्हे.

रविवारी जनावरांचा डॉक्टर मिळणं इथेही सोपं नाही. पण इथल्या प्रत्येक पशुवैद्याला चोवीस तास तातडीची मदत मिळेल अशी व्यवस्था ठेवावी लागते, आणि समोर कुठलाही प्राणी आला तरी निदान वेदना कमी करणं टाळता येत नाही. त्यामुळे "आम्ही उंदीर बघत नाही" असं कुणी म्हणालं नाही. ड्यूटीवरच्या मुलीने मात्र प्रांजळपणे सांगितलं की उंदरांचं तिला फारसं माहीत नाही. तिने वेदनाशामक दिलं, त्वचेखाली सलाइन टोचलं आणि सोमवारी छोट्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. माणसांचा दवाखाना इथे फुकट, जनावरांचा नाही. साध्या दिवशी नुसत्या तपासणीचे साठ-सत्तर पौंड, म्हणजे सात-आठ हजार रुपये. रविवारचे त्याच्या तिपटीहून जास्त. हा आकडा आईला वाचून दाखवू नका.

सोमवारच्या बाई मुरलेल्या. तात्याला त्यांनी टेबलावर सोडलं, थोडा वेळ नुसतं चालताना पाहिलं, मग कानात दुर्बीण घालून तपासलं. त्यांच्या मते संशयित दोन. एक, आतल्या कानाचा संसर्ग. दुसरा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ. कान असेल तर मान एका बाजूला कलते आणि उंदीर गोल गोल फिरतो. गाठ असेल तर पुढच्या पायांची पकड जाते, ते ताठ होतात, उंदीर कोपऱ्यात डोकं खुपसून उभा राहतो. तात्याची लक्षणं दुसऱ्याकडे झुकणारी. खात्री करायची तर एमआरआय, आणि एवढ्या म्हाताऱ्या जीवाला भूल देऊन तो करा असं बाईच म्हणाल्या नाहीत. दोन्हीचं औषध एकदम सुरू करायचं आणि काय होतं ते पाहायचं, असं ठरलं.

आता तुमचा भाग. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक) सुरू, दुखण्याचं मात्र बंद, कारण स्टेरॉइडबरोबर ते पोटाला झेपत नाही. वजन ४८० ग्रॅम. ५ मिलिग्रॅमची एक गोळी पाण्यात विरघळवली तर तिच्यात त्याचे जवळजवळ दहा डोस होतील. मला वाटलं होतं एवढासा जीव, औषधही चिमूटभर लागेल. पण किलोमागे हिशोब केला तर उंदराला माणसापेक्षा जास्त लागतं. मिनिटाला तीनशेच्या पुढे ठोके पडणारं शरीर, औषधही त्याच वेगाने संपवतं. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज, ती दातांच्या बाजूने आत घालायची, एका वेळी थेंब-दोन थेंब.

डॉक्सीची बाटली हातात घेतली आणि २०१९चा पूर आठवला. पाणी ओसरल्यावर तुम्ही दुकानातला चिखल काढत होतात आणि पुढ्यात लोक लेप्टोसाठी, त्या उंदरांमुळे होणाऱ्या तापासाठी, डॉक्सीच्या गोळ्या मागायला उभे. तेव्हा उंदरांपासून माणसं वाचवायला तुम्ही ज्या गोळ्या मोजून देत होतात, तेच औषध मी आता उंदराला पाजतेय. सांगलीत हे कुणाला सांगायची सोय नाही.

तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचात ना, ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणून? ते इथे कामाला आलं. आईने दिवाळीच्या पार्सलमधून पाठवलेलं नाचणी सत्त्व तात्याला पातळ शिजवून देते आहे, टोस्ट-बिस्किट आता त्याला धरवत नाही. पण नाचणीत कॅल्शियम भरपूर, आणि डॉक्सी कॅल्शियमला धरून बसते, अंगाला लागत नाही. म्हणून औषध कुस्करलेल्या केळ्यात, आणि नाचणी दोनेक तासांनी. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, फार्मसीत काम करता का? मी म्हटलं, वडिलांच्या काउंटरमागे गृहपाठ केलाय.

भरवणं हे खरं काम आहे. उंदराला उलटी होत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी. म्हणून भूल द्यायच्या आधीही त्याला उपाशी ठेवत नाहीत. पण त्याचमुळे घशात अडकलेलं त्याला बाहेर टाकता येत नाही आणि घाईने भरवलं तर घास श्वासनलिकेत जायची भीती. आजीला अर्धांगवायू झाला तेव्हा आई तिला कशी भरवायची ते मी दारात उभी राहून पाहिलेलं आहे. उशीला टेकवून सरळ बसवायचं, हनुवटी खाली, एक चमचा, मग गिळल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं आणि तोवर कुणी काही बोलायचं नाही. मी अगदी तेच करते. आईला उंदराशी तुलना आवडणार नाही, पण पद्धत तिचीच आहे.

पिंजरा आता एकमजली केलाय. खाली मऊ कापड, पाण्याच्या बाटलीशेजारी उथळ वाटीही, कारण मान वर करून नळी चाटणं त्याला जमत नाही. रोज रात्री वजन करायचं. (त्यासाठी वेगळा काटा आणलाय. बेसनाचा तो नाही, शप्पथ.) बंडूला वेगळं ठेवू का, असं बाईंना विचारलं होतं. त्या ठाम नाही म्हणाल्या. उंदीर कळपातला प्राणी, आजारात एकटा पडला की खाणंच सोडतो. बंडू रात्रभर त्याच्या अंगावर पसरून झोपतो आणि सकाळी त्याच्या डोळ्यांभोवतीचं लाल चाटून साफ करतो. मी ओल्या कापसाने पुसायला गेले की तात्या तोंड फिरवतो, भावाला मात्र करू देतो.

आईचा प्रश्न होता, तुला त्याच्यापासून काही होणार नाही ना. रास्त आहे. पाळीव उंदराकडूनही माणसाला आजार होऊ शकतात, चावला तर त्याचा वेगळाच एक ताप येतो. म्हणून हात साबणाने धुते, त्याचं भांडं-कापड स्वयंपाकघरात आणत नाही. बहुतेक पाळीव उंदरांच्या छातीत मायकोप्लाझ्माचे जंतू असतात, म्हातारपणी त्यानेच त्यांना धाप लागते, पण ते उंदरांचेच जंतू, आपल्याला त्रास देत नाहीत. आणि हे आपल्या माळ्यावरचे नव्हेत. माळ्यावरचा सडपातळ, लांब शेपटीचा, तो निराळ्या जातीचा. घूस तर आणखीनच निराळी. हे इथे शंभरावर वर्षं माणसाळवलेले. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जॅक ब्लॅक नावाचा उंदीरमाऱ्या होता. पकडलेल्यांतले रंगीत उंदीर तो बाजूला काढून वाढवायचा आणि विकायचा. पुढे १९०१मध्ये मेरी डग्लस नावाच्या बाईने पाळीव उंदीर प्रदर्शनात मांडला, आणि १९७६पासून तर त्यांची राष्ट्रीय संस्थाच आहे. मारणाऱ्यानेच पाळायला सुरुवात केली, हे तुम्हाला आवडेल असं वाटलं.

आता कसा आहे? स्टेरॉइडने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फरक पडला. भिंतीला डोकं लावणं थांबलं. काल केळ्याची चकती एका हाताने छातीशी दाबून खाल्ली. बाई म्हणतात यावरून फार आशा धरू नका, सूज उतरल्याचा हा परिणाम, गाठ जागेवरच आहे. पुढच्या आठवड्यात कॅबर्गोलिन सुरू करायचं का ते ठरवायचंय. हो, तेच, तुम्ही बाळंतिणींना दूध बंद करायला देता ते. उंदरांच्या या गाठी बऱ्याचदा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, बनवणाऱ्या असतात, म्हणून लागू पडतं. इथे कुत्र्यांसाठी त्याचं पातळ औषध मिळतं. लागू पडलं तर काही आठवडे मिळतील, नशीब चांगलं असेल तर दोनेक महिने.

आणि नाही पडलं तर त्याला झोपवायचं. इथले डॉक्टर हा विषय पहिल्याच भेटीत स्वतःहून काढतात. आधी गॅसने बेशुद्ध करतात, मग इंजेक्शन. आई म्हणेल, त्याचं आयुष्य असेल तेवढं जगू दे, आपण कोण ठरवणारे. मला ते पटत नाही, बाबा. या आजारात उंदीर झोपेत शांतपणे जातो असं फार क्वचित. गिळता येत नाही, उठता येत नाही, झटके येतात. आपल्या हातात थांबवायचा उपाय असताना ते पाहत बसणं म्हणजे फक्त स्वतःचे हात स्वच्छ ठेवणं. अनिकेत म्हणतो, सलग दोन दिवस नाचणी नाकारली की फोन करायचा. माझा भर खाण्यावर कमी आहे. उंदीर दुखणं लपवतो, शिकार होणारा प्राणी, शेवटपर्यंत खात राहील. मी श्वास पाहते, आणि संध्याकाळी दार उघडल्यावर तो स्वतःहून पुढे येतो का ते. अजून येतो. वाकडातिकडा, पण येतो.

तुम्हाला विचारायचं ते हे: प्रेडनिसोलोनबरोबर कॅबर्गोलिन देताना माणसांत काही सांभाळावं लागतं का? बाईंनी सांगितलंय, पण तुमच्याकडून ऐकायचंय. रविवारी फोन करा, तुमच्या दुपारी दोननंतर, त्याआधी आम्ही झोपलेले असतो. आणि कृपा करून गोळ्या पार्सलने पाठवू नका, मला माहीत आहे तुमच्या मनात काय आलं ते. इथे कस्टमवाले उघडून बघतात.

आईच्या गुडघ्याचं फिजिओथेरपीवाल्याकडे पुन्हा दाखवलं का, ते कळवा. राजूदादाच्या लग्नाला मी मार्चमध्ये नक्की येतेय.

तुमची,
मुक्ता

ता. क. तात्याचं वजन चार ग्रॅमने वाढलं. बंडूचं वीस ग्रॅमने, कारण तात्याच्या वाटीतली नाचणी तोही संपवतो. आईला सांगा, सत्त्वाची चव आवडली.