मुदत कॅलेंडरवरही ठरवा

महोदय,

‘हेलिकॉप्टरमधील सदोष विद्युत भाग बदलणे सक्तीचे’ ही बातमी वाचली. निर्णय योग्यच आहे. मात्र भाग बदलण्याची मुदत केवळ उड्डाणाच्या तासांवर नको, महिन्यांवरही हवी. जुहूहून बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टरचे कनेक्टर, म्हणजे विजेच्या तारांचे जोड, नुसते उभे असतानाही खारी हवा खातात. नोकरीत असताना पिनांवरचा हिरवट थर मी कितीदा ब्रशने घासून काढला आहे! यंत्र उभे असताना मीटर ‘ठीक’ दाखवायचा. पंखा फिरून कंपने सुरू झाली, की इशाऱ्याचा दिवा लुकलुकायचा. जून २०२२ मध्ये ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात पडून नऊपैकी चौघे दगावले. कारण विजेचे होते असे माझे म्हणणे नाही. पण तिथे उतरायला माळरान नसते.

– एक निवृत्त तंत्रज्ञ, अंधेरी