ग्रंथालयातल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

एफवायला असताना मी रडवेली होऊन तुमच्या टेबलाशी आले होते. परीक्षेचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले होते आणि माझ्या लॉगिनचा ओटीपी जायचा तालुक्यातल्या नेट कॅफेवाल्या दादांच्या मोबाइलवर. प्रवेशाचा फॉर्म त्यांनी भरून दिला होता, तेव्हा नंबर त्यांचा, ईमेल त्यांचा, पासवर्डही त्यांनाच ठाऊक.

मी फोन तुमच्यापुढे धरला. तुम्ही तो घेतलाच नाहीत. "बस. बटणं तूच दाब, मी इथंच आहे," म्हणालात. स्वतःचा ईमेल उघडायला मला अर्धा तास लागला. पुस्तकं बदलायला आलेली मुलं मागे थांबली होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. मग नंबर बदलून मिळावा म्हणून ऑफिसला द्यायचा अर्ज माझ्याच अक्षरात लिहून घेतलात. फॉर्म शेवटच्या दिवशी भरला गेला.

मोबाइल आमच्या वर्गात सगळ्यांकडे होते. पण कागदाचा स्कॅन 256 केबीत कसा बसवायचा, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. वर "आजकालच्या पोरांना एवढंही येत नाही" हे ऐकून घ्यावं लागायचं. तुम्ही तसं कधीच बोलला नाहीत, याचं मला फार मोल आहे.

डिजिलॉकरवरून 12 अंकी एबीसी आयडी, म्हणजे कॉलेजचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर, काढताना तुम्ही आधी आधार आणि बारावीची मार्कशीट शेजारी ठेवायला सांगितलीत. आधारवर वडिलांचं नावच नव्हतं! ते आधी दुरुस्त केलं, म्हणून पुढे अडलं नाही. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचंही तसंच. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात, हे तुमच्याकडूनच कळलं. माझं आधार गावात कुणीतरी उघडून दिलेल्या, मी विसरूनही गेलेल्या खात्याला जोडलेलं निघालं. बँकेत जाऊन ते बदलून घेतलं. त्या पैशांतून टीवायची फी भरली.

मागच्या आठवड्यात शेजारची मुलगी प्रवेशाचा फॉर्म घेऊन घरी आली आणि तिनं फोन माझ्या हातात दिला. मी तो तिला परत दिला नि शेजारी बसले. दोन तास लागले. नंबर तिचाच टाकलाय, मॅडम.

आपली विद्यार्थिनी,
टीवाय बीए