सूत्र पाठ करण्याआधी काड्या मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या बहुतेक मुलांना अंकगणिती श्रेढीचे, म्हणजे दर वेळी सारखीच भर पडत जाणाऱ्या संख्यांच्या मालिकेचे, सूत्र तोंडपाठ असते. मात्र त्याआधी वर्षानुवर्षे गिरवलेल्या ‘सरळरूप द्या’ या उदाहरणांशी त्याचे नाते आहे, हे फार थोड्यांना उमगलेले असते. शिक्षकांनी आणि पालकांनी सूत्राआधी काडेपेटी हाती घ्यावी, ही कळकळीची विनंती.

काड्यांचे चौकोन एका ओळीत, एकमेकांना चिकटून मांडा. एका चौकोनाला ४ काड्या लागतात, दोनांना ७, तिनांना १०. मग क्ष चौकोनांना किती? कोणी म्हणेल, पहिल्याला ४ आणि पुढच्या प्रत्येकाला ३, म्हणजे ४ + ३(क्ष – १); श्रेढीचे सूत्र ते हेच. कोणी आडव्या आणि उभ्या काड्या वेगळ्या मोजेल: २क्ष + (क्ष + १). कोणी प्रत्येक चौकोनाच्या ४ धरून दोनदा मोजलेल्या काड्या वजा करेल: ४क्ष – (क्ष – १). सरळरूप दिले की तिन्हींचे ३क्ष + १ होते. तिघेही बरोबर होते, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

घोटाळा होतो तो कंसापाशी. पहिल्या राशीत ४ आणि ३ आधीच मिळवून ७(क्ष – १) लिहिले जाते किंवा कंसातल्या १ ला ३ ने गुणायचे राहते आणि ३क्ष + ३ उरते. तिसरीत वजाचे चिन्ह कंसातल्या दुसऱ्या पदापर्यंत पोचत नाही, मग ३क्ष – १ येते. क्ष = १ ठेवा: ४ ऐवजी अनुक्रमे ०, ६ आणि २ मिळतात, चूक जागीच सापडते. पण एवढ्यावर थांबू नये. ४क्ष हे चुकीचे उत्तरही इथे ४ च देते; क्ष = २ ठेवल्यावर ७ ऐवजी ८ आले की ते उघडे पडते.

नुसते आकडे पाहून नियम ठोकून देण्याची सवयही मोडायला हवी. वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडा. तीन रेषा आत एकाच ठिकाणी छेदू देऊ नका. बिंदू एकेक वाढवत गेल्यास वर्तुळाचे भाग होतात १, २, ४, ८, १६. सहाव्या बिंदूला सगळे ३२ म्हणतात. मोजल्यावर ३१ भरतात!

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘एकाच मांडणीसाठी दोन वेगळ्या राशी लिहा व त्या समान असल्याचे दाखवा’ असा प्रश्न जरूर घालावा आणि कंस सोडवण्याच्या पायरीला स्वतंत्र गुण ठेवावेत.

– एक गणित शिक्षक, सातारा